'करून राहिलो' आणि 'झालं' : टीममध्ये नेमका अर्थ काय धरायचा? (बोलणारे चौघे नागपूरचे, नावं त्यांच्या वस्त्यांची.)

धरमपेठ : नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी क्षेत्रातली टीम, निम्मे नागपूरचे, निम्मे पुण्याचे. इकडचा लिहितो, 'रिपोर्ट करून राहिलो.' तिकडचा 'करून' वाचतो आणि काम आटोपलं असं धरून चालतो. चूक कोणाची? आणि 'झालं' म्हटल्यावर काय समजायचं?

महाल : करून राहिलो म्हणजे करतो आहे. बाई असेल तर 'करून राहिली'. हिंदीतल्या 'कर रहा हूँ'शी जुळणारा हा वऱ्हाडी-नागपुरी चालू वर्तमानकाळ आहे. प्रमाण मराठीत 'करून' आलं की आधीची क्रिया संपलेली असते (जेवून गेलो), म्हणून तिकडच्या कानाला घोटाळा वाटतो. पण बोली सोडायचं काही कारण नाही. 'करतो आहे' लिहिलं तरी काम कुठवर आलं ते कुठं कळतं? पुढं शेपूट जोडा : 'तक्ते झाले, मागच्या तिमाहीचे आकडे लेखा विभागाकडून यायचे आहेत, ते दुपारपर्यंत आले तर उद्या 4 वाजता देतो.' आकडे कोणाकडं अडलेत हे त्यात आलं, म्हणजे ज्याची तिकडं ओळख आहे तो फोन तरी करेल.

इतवारी : खरा फसवा शब्द 'झालं' आहे. सरकारी मराठीला सगळे हसतात, पण या बाबतीत ती चोख आहे. पत्राचा मसुदा तयार होतो, 'सादर' होतो, 'मान्य' होतो, मग स्वच्छ प्रत, सही, जावक क्रमांक पडून 'निर्गमित', आणि शेवटी समोरच्याची पोच. यातल्या प्रत्येक टप्प्यावर माणूस बोलताना 'झालं' म्हणू शकतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये 'उत्तर झालं का?' विचारून कोणी थांबत नाही, 'कोणाच्या टेबलावर आहे?' हे विचारतातच.

सक्करदरा : विजेच्या लाइनवर तर नुसत्या 'झालं'वर कोणी पुरवठा सुरू करूच नये. ज्यानं परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी, घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याआधी माणसं खाली उतरली का ते मोजायचं, हत्यारं गोळा करायची, सुरक्षेसाठी लाइन जमिनीला जोडणारं अर्थिंग लावलेलं असतं ते काढायचं. खांबावरून कोणी 'झालं भाऊ' ओरडलं, तर त्याचा अर्थ त्याच्यापुरतं झालं. दुसऱ्या टोकाला अजून एक जण वर असू शकतो.

धरमपेठ : आणि 'बघतो'?

इतवारी : 'बघतो' हा होकार नाही, बरेचदा सौम्य नकारच असतो. विचारणाऱ्यानं तिथंच 'म्हणजे उद्यापर्यंत सांगाल का?' असं पक्कं करून घ्यावं. जमणार नसेल तर 'या आठवड्यात होणार नाही' हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं, त्याला दुसरा माणूस शोधता येतो.

महाल : व्हॉट्सॲपच्या अंगठ्याचंही तेच. ती फार तर पोच, जबाबदारी घेतल्याची कबुली नव्हे. ग्रुपवर पाच अंगठे येतात आणि काम कोणीच घेत नाही. 'मी करतो, शुक्रवारी' असं एकानं लिहावं. शुक्रवार उलटल्यावर त्याच मेसेजला उत्तर देऊन विचारणं हा पाठपुरावा. बुधवारपासून रोज 'काय झालं?' विचारणं हा तगादा, आणि साहेबांना मध्ये घालून विचारणं याला तर इथं वेगळाच शब्द आहे, तो इथं लिहिता येत नाही.