सकाळच्या कॉर्टिसॉलवर भरोसा ठेवू नका
ताई, वहिनींचा सकाळी ८ चा कॉर्टिसॉल नॉर्मल आला म्हणून कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढण्याचा आजार) नाहीच असं धरून बसू नका, सकाळी कॉर्टिसॉल सगळ्यांचाच वर असतो, खरा बिघाड दिसतो रात्री, तेव्हा तो उतरायला हवा तर उतरत नाही. माझ्या आईच्या पोटावर जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायचे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रात्री ११ ला डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारं स्टेरॉइड) १ मिलिग्रॅम देऊन सकाळी ८ ला रक्त घेतलं, कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली यायला पाहिजे होतं, नाही आलं. मग कॉर्टिसॉल मोजायला २४ तासांची लघवी साठवायची, तीपण नागपूरच्या मे महिन्यात, कॅन फ्रिजमध्ये ठेवून! एकाच टेस्टवर ठरवत नाहीत ना. आणि दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, गोरं व्हायची क्रीम, गर्भनिरोधक गोळी, यांतलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो.