वचन रोज वाचते, पण आत काही पोहोचत नाही

घणसोलीची नर्स

सर्वांना सलाम. मी घणसोलीला राहते, ठाण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. माहेर नगरकडचं, चार पिढ्या ख्रिस्ती. रविवारची उपासना चुकली तर आठवडाभर चैन पडत नाही, अशा घरात वाढले.

जानेवारीत मोबाइलवर वर्षभरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण करायचा तक्ता लावला. १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनच्या थोडं वर. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं मजेत गेली, तिसऱ्या लेवीयात पाय जड झाले, तरी खंड पडू दिला नाही. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचते. ऐरोली आलं की दुसरा अध्याय, दिघा गेलं की तिसरा. ठाण्याला उतरल्यावर कोणी विचारलं, आज काय वाचलंस, तर मला सांगता येत नाही.

मे महिन्यात वॉर्डातली एक बाळंतीण गेली. चोवीस वर्षांची होती. तिची पोलक्याची गाठ मीच सोडली. त्या रात्री घरी आले, हातपाय धुतले, राहिलेले अध्याय वाचले आणि बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिच्याबद्दल मी देवाशी एक शब्दही बोलले नाही. खूण मात्र केली. तेव्हापासून मन खात आहे.

विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून भरते त्या तीन दिवसांच्या संजीवन सभेलाही जाऊन आले. खूप रडले. मंगळवारी ड्युटीवर पुन्हा तसंच कोरडं. माझा विश्वास विझतोय का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

तलावपाळीचे काका

ताई, मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी वाटेल. बायको गेल्यावर मलाही मिस्सातली, म्हणजे आमच्या उपासनेतली, वाचनं नुसती कानावरून जायची. आमच्या फादरांनी मला एकच काम दिलं: शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, आठ-दहा ओळींचा तुकडा घ्यायचा आणि तोच तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा जिथे मन अडेल तो शब्द धरायचा. तिसऱ्यांदा तो शब्द घेऊन देवाशी बोलायचं. आणि मग गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. मठांमधली ही फार जुनी रीत आहे. आंधळ्या बार्तीमयाच्या गोष्टीत येशू त्याला विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ त्या प्रश्नाशी मी पंधरा दिवस अडलो होतो. उत्तर देता येईना.

एक आपल्या ठाण्याचं सांगतो. १३२१ मध्ये इथे संत फ्रान्सिसच्या संघातल्या चार धर्मबंधूंना ठार मारलं गेलं. त्यांच्यासोबत आलेला जॉर्डानस त्या दिवशी गावात नव्हता, म्हणून वाचला. त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि पुढे एकटाच या किनाऱ्यावर काम करत राहिला. त्याची पत्रं आहेत. त्यांत एकटेपण, आजारपण, हाल सगळं लिहिलंय. त्याने काही लपवलं नाही आणि कामही सोडलं नाही. मासुंदा तलावाला फेरी मारताना मला तो फार आठवतो.

कोपरखैरणे सेक्टर

ताई, तुमचं दुःख कळतं. पण संजीवन सभेबद्दल एक सांगू द्या. माझी दारू तिथेच सुटली, आज सहा वर्षं झाली. मात्र सभेनंतर दर बुधवारी आम्ही चौघं एकाच्या घरी बसायचो, मार्काच्या शुभवर्तमानाचा अर्धा अध्याय वाचायचो आणि आठवडा कसा गेला ते खरंखरं सांगायचो. ते चौघं नसते तर महिनाभरात मी परत गुत्त्यावर गेलो असतो. तुमच्यासोबत वाचायला कोण आहे?

ऐरोलीची पाळकबाई (निवृत्त)

बाळ, विश्वास विझलेल्याला त्या खुणेचं वाईट वाटलं नसतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठेक वर्षं लागली. एवढ्या संस्कृतच्या पंडिता, त्यांना वाचन कमी पडलं असेल का? पुढे १९०५ मध्ये केडगावला मुक्तीत, म्हणजे बाईंच्या आश्रमात, मोठं संजीवन झालं. बायका-मुली रात्र रात्र प्रार्थनेत असायच्या. आणि बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं कशात घालवली, तर इब्री आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करण्यात. एकेका शब्दापाशी बसून. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी ते काम त्यांनी टाकलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या. म्हणून संजीवन एकीकडे आणि वचन दुसरीकडे, असं मला कधी वाटलंच नाही.

आता तुझ्याबद्दल. त्या बाळंतिणीचं तू अजून देवाला सांगितलेलं नाहीस. तक्ता बाजूला ठेव आणि स्तोत्र १३ उघड. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चारदा ‘कोठवर’ विचारतो. हे कमी वाटलं तर ८८ वाच, त्याचा शेवटही अंधारातच होतो. तेही पवित्र शास्त्रच आहे ना? पण मोठ्याने वाच. आवाज फुटला पाहिजे.

घणसोलीची नर्स

पाळकबाई, काका, भाऊ, तुम्हा सगळ्यांचे आभार. परवा रात्री मोबाइल ठेवून दिला आणि आईचं पवित्र शास्त्र काढलं. ती गेल्यापासून कपाटात फडक्यात बांधूनच होतं. स्तोत्र १३ च्या चारही ‘कोठवर’खाली तिने पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. समासात लिहिलंय, ‘१९७२. पाऊस नाही.’ त्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, मिलोची भाकरी आणि सुकडीवर दिवस काढले, एवढं ऐकून होते. रात्री हे वाचत होती ते माहीत नव्हतं. खाली निळ्या शाईत नुसतं ‘१९९४’. त्या वर्षी पप्पा गेले.

मी त्याखाली मे महिन्यातली ती तारीख लिहिली. मग मोठ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्या वचनापाशी रडू फुटलं. त्या पोरीचं नाव घेऊन रडले. आवाज ऐकून लेक बाहेर आला, कोणाशी बोलतेस म्हणाला. बस म्हटलं. दुसऱ्यांदा त्याने वाचलं. इंग्रजी शाळेतला आहे, अडखळत वाचतो. त्याने विचारलं, ‘मम्मी, कोठवर म्हणजे?’

म्हटलं, अजून किती दिवस.

आज तिसरी रात्र. आम्ही दोघं अजून तेराव्यावरच आहोत.