काळ्या रानातल्या भेगा: षट्‌कोन मातीत की डोक्यात?

गिरणाकाठ (चाळीसगाव): उन्हाळ्यात कपाशीचं रान मोकळं झालं की भेगांची जाळी दिसते. पुस्तकं म्हणतात षट्‌कोन. अंधेरीच्या गिल्बर्ट हिल टेकडीच्या दगडी खांबांबद्दलही तेच सांगतात. आकार मातीत खरोखर असतो, की सप्तर्षींत बाज दिसते तसा आपणच जोडतो? वर्गात मोजून दाखवता येईल असं काही आहे का?

तापीपार: सप्तर्षी आणि भेगा एका मापाने मोजू नका, सर. सप्तर्षींतले पाच तारे एकत्र चालणारे, सुमारे ८० प्रकाशवर्षांवर. मरीची साधारण १०४ वर, क्रतू १२३ वर. दुसरीकडून पाहिलं तर बाज मोडते, म्हणजे रेषा आपल्याच. भेगेत मात्र बैलाचा खूर अडकतो.

वखर_पाभर: भेग खरी, पण "षट्‌कोन" खरा का, ते मोजल्याशिवाय कळत नाही. सुतळीने ३ बाय ३ मीटरचा चौकोन आखा. सुतळीला न शिवणारे ३०-४० पूर्ण तुकडे घ्या. ५ मिलिमीटरपेक्षा बारीक भेग धरायची नाही, हे आधीच ठरवा. मधेच संपणारी आंधळी भेगही सोडा. मग प्रत्येक तुकड्याचे कोपरे मोजा, म्हणजे कड जिथे खरोखर वळते ते. सरळ कडेला पलीकडून दुसरी भेग येऊन टेकली, तर तो या तुकड्याचा कोपरा नाही. सगळे कोपरे भागिले तुकडे.

सरासरी ४ च्या आसपास आली तर सांधे, म्हणजे भेगा मिळतात त्या जागा, टी (T) आकाराचे, ६ कडे सरकली तर वाय (Y) आकाराचे. नांगरलेल्या रानात ४ च्या जवळ यायला हवी. वाळताना माती सगळीकडून ताणलेली असते. पहिली भेग उघडली की तिच्या आडवा ताण सुटतो, तिच्या लांबीच्या दिशेचा उरतो. नवी भेग उरलेल्या ताणाला आडवी फुटते, म्हणून जुनीला काटकोनात भिडते. तीच माती ओली-कोरडी होत राहिली आणि भेगा त्याच जागी पुन्हा उघडल्या, तर सांधे हळूहळू वायकडे झुकतात. नांगर हा हिशोब दरवर्षी पुसतो.

गिरणाकाठ: पोरांनी टेकलेल्या जागाही कोपरे म्हणून मोजल्या तर?

वखर_पाभर: तर काळ्या रानातही ६ च येईल! गोम इथेच आहे. जाळीत सांधे 'स' धरा. प्रत्येक सांध्याला तीन कडा, प्रत्येक कड दोन सांध्यांत वाटलेली, म्हणून कडा १.५ स. ऑयलरच्या सूत्राने (तुकडे म्हणजे साधारण कडा उणे सांधे) तुकडे सुमारे ०.५ स. प्रत्येक सांध्याचे तीन कोपरे धरले तर ३ स भागिले ०.५ स, म्हणजे ६. टी-सांध्याला कोपरे दोनच, म्हणून ४. हा ६ कागदावर रेघा मारल्या तरी येतो, त्यात मातीचं काही नाही. सांधा काटकोनात की १२० अंशात, एवढंच माती सांगते. "षट्‌कोन" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा मोजायचा नियमच रानावर लादलेला असतो.

तापीपार: खडकाचं वेगळं. लाव्हा थंड होताना तडे एका थरातून खालच्या थरात पुढे सरकतात, प्रत्येक टप्प्याला थोडे जुळवून घेतात आणि टीचे वाय होतात. तरी पाच आणि सात बाजूंचे खांब असतातच. ६ ही सरासरी आहे.

वखर_पाभर: आणखी एक, भाऊ. कपाशीच्या ओळी ताज्या असतील तर भेगा ओळींमधून धावतात, तिथे मोजू नका. रोहिणीचा शिडकावा पडायच्या आत उरका. बारीक भेगा बुजल्या की तुकड्यांची संख्याच बदलते.