आधी खोलीत टेप लावा
टीव्ही ४३ इंची घ्यावा की ५५, आणि ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर जास्तीचे पैसे घालावेत का, असं विचारलंय तुम्ही. साइज दुकानात ठरवू नका, तिथल्या मोठ्या हॉलमध्ये सगळेच टीव्ही लहान वाटतात. घरी सोफ्यापासून भिंतीपर्यंत मोजायची टेप लावा. ५५ इंच म्हणजे कर्ण साधारण १४० सेंमी. त्याच्या दीडपट, म्हणजे २ मीटरच्या आसपास बसणार असाल तर फोरकेचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या चित्राचा, बारकावा कळतो. ४ मीटरवरून फोरके काय नि फुल एचडी काय, मला तरी सारखंच.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो. एलईडी टीव्ही मुळात एलसीडीच, मागे दिवे लावलेला. अंधाऱ्या दृश्यात त्याचा काळा करडा होतो. पण तुमच्याकडे दिवसभर बातम्या चालू असतात म्हणालात ना? मग ओएलईडी नकोच. कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला चॅनलचा लोगो कालांतराने पडद्यावर कायमची छाप सोडू शकतो.

आणि हो, आणल्या आणल्या रंग भडक करणारा 'व्हिविड' मोड बंद करा. आमच्याकडे महिनाभर सगळे निवेदक उन्हात भाजल्यासारखे लालबुंद दिसत होते, आणि मी बिचाऱ्या सेट टॉप बॉक्सला शिव्या घालत होतो.