कमी टक्के आणि मेडिकल : तुमचे अनुभव लिहा

भाचीला बारावीत पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५३ टक्के. खुला प्रवर्ग. डॉक्टरच व्हायचं म्हणते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता तिला 'मग आता काय?' विचारतो आणि ती आत जाऊन बसते. मार्कांत मागे राहूनही मेडिकलच्या वाटेला गेलेल्यांनी लिहा. लागलेल्यांनी आणि न लागलेल्यांनीही. ९५ वाल्यांनी कृपया नुसतं वाचावं.

पावट्याचीउसळ
आधी तिला सांगा, बारावीचे मार्क पात्रतेपुरतेच. खुल्याला पीसीबीत ५०, राखीवला ४०. गुणवत्ता यादी लागते ती नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, ७२० पैकी मार्कांवर. मला दहावीला ६१, बारावीला ५५, पहिल्या नीटला २१४. बाबा म्हणाले, दुकानात बस. आईने पाटल्या मोडून लातूरला क्लासला धाडलं.

तिथे कळलं की मला येत नाही त्यापेक्षा मी अंदाजाने ठोकतो जास्त. बरोबरला चार मार्क, चुकलं की एक जातो. सरांनी वही करायला लावली. टेस्टमधला चुकलेला प्रश्न लिहायचा आणि समोर एकच शब्द: 'येत नव्हतं', 'घाई' किंवा 'ठोकला'. पहिल्या महिन्यात फिजिक्सच्या पानांवर नुसतं ठोकला, ठोकला, ठोकला. लाज वाटायची. दिवाळीपर्यंत तो शब्द पानात एखाद-दोनदाच यायला लागला. तरी त्या वर्षी ३९० च. तिसऱ्या खेपेला सरकारी कॉलेज मिळालं, शेवटच्या फेरीत, घरापासून रात्रभराच्या एसटीवर. वही अजून आहे.

अकरावी_नडली
आमची २०२१ ची बॅच. बोर्डाची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३०, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के, असा हिशेब. अकरावी कोण मनावर घेतं हो? मी तर वर्षभर कट्ट्यावर होतो. काठावर पात्र ठरलो. नंतर बीएएमएसला (आयुर्वेद) गेलो. कॉलेज बरं गेलं, पण आत्या अजून विचारते, 'एमबीबीएसला नंबर नाही का लागला?'

थंडगारवारा
मी किर्गिझस्तानला गेलो. एजंट म्हणाला होता, नीट फक्त क्वालिफाय हवी. खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे बाहेरून शिकून आलेल्यांना इथे प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी परीक्षा: ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. माझे दोन प्रयत्न वाया गेले. वर्गात शिकवणं इंग्रजीत, वॉर्डात पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलणार. आजीबाई पोट धरून काहीतरी सांगायच्या आणि आम्ही दहा जण मागे मान डोलवत उभे. तिथली भाषा पहिल्या वर्षापासून शिका, नाहीतर जाऊ नका.

कागदवाली
माझे मार्क पुरले, कागद पुरला नाही. जातवैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक काना जास्त होता, तेवढ्यावर अर्ज अडकला. वर्ष गेलं. राखीव प्रवर्गातल्यांनी अकरावीतच अर्ज टाका, पाया पडते.

एकआई
वेगळं सांगते, राग मानू नका. मुलाने तीन ड्रॉप घेतले, म्हणजे तीन वर्षं घरी बसून फक्त नीटचा अभ्यास. मित्र इंजिनिअर झाले, हा त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. लग्नकार्याला यायचा बंद झाला. चौथ्या वर्षी फॉर्म मीच भरू दिला नाही. आता एक्स-रे, सीटीचा कोर्स करतोय. परवा जेवताना म्हणाला, 'आधीच का नाही थांबवलंस?' मला वाटत होतं, थांबवलं तर आयुष्यभर बोल लावेल.

धागाकर्ता
भाचीला सगळं वाचून दाखवलं. दोनशे पानी वही आणलीय. एक ड्रॉप घ्यायचा, दुसऱ्याचं नंतर बोलू, असं ताईशी ठरलंय. घरचं सगळं मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, म्हणजे ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) बहुतेक बसेल. तहसीलमधून दाखला मिळायला तुम्हाला किती दिवस लागले?