मदत हवी आहे: ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ नेमका कोणाचा?

दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना एका जागी मी नेहमी अडखळतो, म्हणून जाणकारांना विचारत आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणजे दिवा बंद करणे. तेथे ‘टर्न द लाइट ऑफ’ असेही चालते आणि सर्वनाम आले, तर ‘टर्न इट ऑफ’ हाच क्रम लागतो. ‘टर्न ऑफ द रोड’ म्हणजे मात्र रस्ता सोडून वळणे, आणि तेथे ‘ऑफ’ जागचा हलत नाही. पहिला क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगी अव्यय, एवढे मला कळते. पण मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटूनच येत असल्याने मुलांना हा भेद दिसतच नाही. ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणे) यासारखी जोडी तर अर्थाने एकजीव झालेली, तरीही ‘लुक आफ्टर हिम’ असाच क्रम! पाठांतराखेरीज हे ओळखण्याची एखादी सोपी कसोटी कोणी सुचवू शकेल का?