वितळत्या हिमनद्या : प्रत्यक्ष पाहिलेले

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संवर्धनासाठी जाहीर केले, तेव्हापासून या विषयावरचे आकडे आपण पुष्कळ वाचले आहेत. या धाग्यावर मात्र ज्यांनी एखादी हिमनदी जवळून पाहिली आहे, त्यांनी ठिकाण सांगून डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

फ्रान्समध्ये शामोनीजवळ मेर द ग्लास नावाची हिमनदी आहे. १९८८ मध्ये तिच्यापर्यंत रोपवेचा पाळणा सुरू झाला, तेव्हा त्यातून उतरल्यावर बर्फावर पाऊल ठेवायला जेमतेम दोन-चार पायऱ्या लागत. मी गेले तेव्हा लोखंडी जिन्याच्या पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागल्या. वाटेत कड्यावर हिमनदीची पातळी त्या त्या साली कुठवर होती, हे सांगणाऱ्या पाट्या आहेत. १९९० ची पाटी मागे पडल्यावरही बर्फ इतका खाली दिसत होता की सोबतचे लोक बोलायचे थांबले. खाली पोहोचल्यावर शुभ्र असे काही नव्हतेच. करडी वाळू, दगडगोटे आणि त्यांखालून सतत ऐकू येणारे पाणी. २०२४ मध्ये नवा पाळणा आणखी वरच्या बाजूला सुरू झाला. बर्फ मागे हटेल तशी पर्यटकांची सोय त्याचा पाठलाग करते, हे मला काहीसे विचित्र वाटते.

*

स्वित्झर्लंडमधील ऱ्होन हिमनदीत कोरलेल्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरे कापड अंथरतात. त्यामुळे ऊन परावर्तित होऊन वितळणे मंदावते, पण तेवढ्या तुकड्यापुरतेच. मी पाहिले ते कापड मळलेले आणि कडांना फाटलेले होते.

*

गोमुखाला जाणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा पांढऱ्याशुभ्र बर्फाची असते, आणि समोर येतो तो राडारोड्याने झाकलेला काळपट कडा, ज्याच्या तळातून भागीरथी गढूळ होऊनच बाहेर पडते. दुपारी ऊन तापले की वरून दगड सुटू लागतात, त्यामुळे मुखाच्या फार जवळ जाऊ नये. या दगडांचा पातळ थर उष्णता शोषून खालचा बर्फ लवकर वितळवतो, तर जाड थर त्याच बर्फाला उन्हापासून राखतो. म्हणूनच, १९३५ पासून गंगोत्री हिमनदीचे मुख किती मागे गेले याची मोजमापे उपलब्ध असली, तरी केवळ त्यांवरून झीज कळत नाही. बर्फाची जाडी किती घटली हेही पाहावे लागते.

*

सिक्कीममध्ये ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर, म्हणजे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचे तळे, फुटले आणि तिस्ता नदीवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. काही महिन्यांनी खालच्या अंगाला असलेल्या सिंगताम गावात पाहिले, तर नदीकाठच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत वाळू साचलेली होती.

*

लडाखमध्ये पेरणीला पाणी हवे असते एप्रिल-मे महिन्यांत, आणि उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी पाटांत पोहोचते त्यानंतर. ही टंचाई जुनीच आहे, पण हिमनद्या आक्रसल्याने आणि बर्फ कमी पडू लागल्याने ती वाढली. लेहजवळच्या फ्यांग गावात हिवाळ्यात नळाने वरून आणलेले पाणी रात्री उंच फवारून त्याचा शंकू गोठवतात, आणि तो वसंतात हळूहळू वितळतो. पंप लागत नाही, उतारच पुरतो. मात्र नळात पाणी थबकले की तेथेच गोठते, आणि मग गावकऱ्यांना कडाक्याच्या थंडीत नळाचे सांधे सोडवून तो मोकळा करावा लागतो.